अस्सल, नक्कल आणि फाडलेली पाने

आमच्या पंचवटीतल्या घरी फडताळाच्या खालच्या खणात, तांब्याच्या घंगाळामागे, तांबड्या रुमालात बांधलेले एक बाड असे. त्याची पहिली पंधरावीस पाने उलटली तर जोंधळ्याच्या पायल्या, गोडेतेलाचे डबे, सोनाराकडे टाकलेल्या पाटल्यांचे वजन, सिंहस्थात उतरलेल्या पाहुण्यांसाठी भाड्याने आणलेली भांडी, असा अगदी निरुपद्रवी जमाखर्च मोडीत लिहिलेला दिसे. आणि झडतीला आलेला शिपाई तेवढाच चाळून, जांभई देऊन, बाड जागच्या जागी ठेवील, असाच ते बांधणाऱ्याचा अंदाज असला पाहिजे, कारण विसाव्या पानानंतर मोडी संपून बाळबोध लिपी सुरू होई, शाईचा रंग पालटे, आणि हिशेबासाठी आखलेल्या उभ्या रेघा ओलांडून पदांच्या व पोवाड्यांच्या ओळी वाहू लागत. हा हात माझ्या आजोबांचा. ऐन विशीच्या आत, कुणाकुणाकडून एकेक रात्रीपुरती मागून आणलेल्या वह्यांवरून, त्यांनी ती पदे उतरून घेतली होती.

पदांच्या डोक्यावर कवीचे नाव नाही, तारीख नाही, आणि छापखान्याचे नाव असण्याचा तर प्रश्नच नव्हता. असे ते फक्त 'चाल' हा एक शब्द आणि त्यापुढे एखाद्या नाट्यपदाचे किंवा जुन्या कटावाचे पहिले दोनतीन शब्द. समासात मात्र बारीक अक्षरात नोंदी असत: दुसऱ्या प्रतीत येथे निराळा शब्द आहे, तिसऱ्या प्रतीत हे कडवेच नाही. जुन्या कचेरीत अस्सल कागद एका कारकुनाने वाचावा, नक्कल दुसऱ्याने डोळ्यांखाली घालावी आणि शेवटी 'मुकाबला केला' असा शेरा मारावा, अशी रीत होती. आजोबांपाशीही तीच शिस्त होती, पण त्यांची अडचण अशी की अस्सल कोणाच्याच हाती नव्हते. नकलेचा मुकाबला नकलेशीच करायचा, आणि चूक नेमकी कोणत्या पिढीत शिरली हे ताडायचे, एवढेच त्यांच्या स्वाधीन होते.

या बाडाची आठवण इतक्या वर्षांनी निघाली ती माझ्या नातवामुळे. तो कॉलेजात जातो आणि रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठेक्यावर शब्द फेकीत जाणाऱ्या गायनप्रकाराचा त्याला नाद आहे. त्याच्या आवडत्या एका रॅपरने म्हणे आपला अगदी सुरुवातीचा अल्बम प्रकाशित होण्याच्या आधीच मागे घेतला, तो आजतागायत रीतसर निघालेला नाही, आणि तरीही तो याच्या चारपाच मित्रांच्या फोनमध्ये आहे, प्रत्येकाकडे थोडा निराळा. अशा प्रतीला इंग्रजीत 'बुटलेग' म्हणतात, हे त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितले. बुटाच्या उंच नळीत बाटली लपवून नेणाऱ्यांवरून पडलेला हा शब्द मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर आमच्या पिढीने वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचला होता. गाण्यालाही तो लागू पडतो हे मात्र मला नवीन होते. मी उठलो, घंगाळ बाजूला केले आणि बाड त्याच्यापुढे ठेवले.

त्या बाडातल्या बहुतेक पदांचे उगमस्थान आमच्या घरापासून गोदावरी ओलांडली की थोड्या पावलांवर, तिळभांडेश्वराच्या गल्लीत आहे. १८९९ च्या प्लेगात भगूरच्या दामोदरपंत सावरकरांचा अंत झाला, मुले नाशकात आली, आणि शतक पालटता पालटता त्या गल्लीतल्या एका लहानशा जागेत 'मित्रमेळा' उभा राहिला, ज्याचे नाव पुढे १९०४ साली 'अभिनव भारत' असे झाले. या मंडळींत गोविंद त्र्यंबक दरेकर नावाचा एक पंचविशीचा, दोन्ही पायांनी अधू झालेला, शाळेचे शिक्षण फारसे न लाभलेला तरुण होता. जन्म १८७४ चा, नाशिकचाच, घरची गरिबी, मंडळी त्याला आबा म्हणत. विनायक सावरकरांची आणि त्याची गाठ पडली तेव्हा सावरकर सोळासतरा वर्षांचे, म्हणजे त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान होते. पण त्या भेटीने आबांच्या लेखणीचे तोंडच फिरले. तोवर ते शृंगारिक लावण्या रचीत असत, आणि लावणीच्या रचनेत लागणारे सगळे कसब, म्हणजे यमकाची हातोटी, ठेक्यावरची हुकमत आणि श्रोत्याला शेवटच्या शब्दापर्यंत तिष्ठत ठेवण्याची कला, त्यांना आधीच वश होती. तीच सामग्री आता शिवोत्सवाच्या आणि गणेशोत्सवाच्या मेळ्यांतील पदांकडे वळली, आणि महाराष्ट्र त्यांना कवी गोविंद म्हणून ओळखू लागला.

हा पालट घडून येणे मुळीच अवघड नव्हते, कारण तमाशाचा फड आणि मेळ्याचा मंडप यांत आपण मानतो तितके अंतर कधीच नव्हते. डफ, तुणतुणे, झांज आणि मागे सूर धरणारे झीलकरी, एवढ्या भांडवलावर शाहीर उभा राहतो. डफावर थाप पडते, शाहीर एका दमात आठदहा शब्द फेकतो, मध्येच गाणे सोडून गद्यात दोन वाक्ये बोलतो, श्रोते पुढे सरकले असे दिसताच झीलकऱ्यांनी 'जी जी' करीत धरून ठेवलेल्या सुरात पुन्हा उडी घेतो. कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र समोरासमोर बसून एकमेकांना पद्यातून कोडी घालीत आणि हरलेल्या पक्षाला मान खाली घालून उठावे लागे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० नंतर कृष्णवर्णीय तरुणांनी जे सुरू केले त्याचे वर्णन नातवाच्या तोंडून ऐकताना मला पदोपदी या गोष्टी आठवल्या. मात्र हे सारे आपल्याकडे आधीच होते असा अभिमानाचा सूर लावण्याची मला इच्छा नाही, कारण जगात जेथे जेथे गरिबाजवळ वाद्य थोडे आणि बोलायचे पुष्कळ असते, तेथे तेथे असेच काही तरी निपजत असले पाहिजे.

सरकारचे आणि पोवाड्याचे नाते तर आणखी विचित्र आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असलेले हॅरी अॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने गोंधळ्यांकडून जुने पोवाडे मिळवून १८९१ साली त्यांचा संग्रह काढला, आणि १८९४ साली त्यांतल्या निवडक पोवाड्यांचा इंग्रजी पद्यात अनुवादही प्रसिद्ध केला. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा, हे आज आपण सहज उघडून वाचतो, त्यात या गोऱ्या अधिकाऱ्याच्या आस्थेचा वाटा आहे. पुढे पंधरावीस वर्षे लोटली नाहीत तोच गोविंदांनी अफझलखानाच्या वधावर, आणि सावरकरांनी सिंहगडावर व बाजीप्रभूवर पोवाडे रचले, म्हणजे विषय तेच, वीर तेच, डफही तोच; पण आता सरकारने भुवया चढवल्या. अज्ञानदासाने शिवाजीच्या काळात शिवाजीविषयी गायिले ते वाङ्मय ठरले आणि गोविंदांनी एडवर्ड बादशहाच्या काळात गायिले तो गुन्हा ठरला. याला निव्वळ दांभिकपणा म्हणून चालणार नाही. पोवाडा मेला आहे असे वाटले तोवर सरकार त्याचे जतन करीत होते. तो जिवंत आहे असे आढळताच फौजदाराला बोलावणे गेले, एवढेच.

१९०८ साली गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकरांनी 'लघु अभिनव भारत माला' या नावाने पद्यांचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातली चार पदे सरकारने बोट ठेवण्यासाठी निवडली. १९०९ च्या आरंभी बाबारावांना अटक झाली, जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांनी खटला सेशनकडे पाठवला, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात पीनल कोडाच्या १२१ व्या कलमाखाली, राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याबद्दल, त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. चार पदांचे मोल जन्मठेप! वर आणखी मालमत्ता सरकारजमा. अपील हायकोर्टात गेले तेव्हा न्यायासनावर नारायण गणेश चंदावरकर होते. हे प्रार्थना समाजाचे पुढारी, १९०० साली लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेले, मराठी उत्तम जाणणारे विद्वान. देवांची आणि शिवाजीची नावे हे केवळ निमित्त असून पदांचा खरा रोख परक्या सरकारविरुद्ध शस्त्र उचलण्याकडे आहे, असा अर्थ त्यांनी लावला आणि शिक्षा कायम झाली. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालातही या पदांचा व या निकालाचा परामर्श घेतलेला आहे.

तो निकाल वाचताना मला नेहमी एक गमतीदार, पण तितकीच खिन्न करणारी जाणीव होते. मराठी पदाचे इतके बारकाईने रसग्रहण त्या काळात मराठी मासिकांतही क्वचितच झाले असेल. देवदानवांच्या युद्धाचे रूपक कोठे उघडे पडते, संबोधन कोणाला आहे, भूतकाळी क्रियापद वर्तमानाकडे कसे झुकते, असे प्रश्न जेथे निघतात ती काव्यचर्चाच. फरक एवढाच की या चर्चेच्या शेवटी एक मनुष्य अंदमानास गेला. आणि तो मनुष्य कवी नव्हता. पदे रचणारे आबा तिळभांडेश्वराच्या गल्लीतच राहिले. ती छापणारा बोटीत चढला. कायद्याच्या लेखी अपराध शब्द सुचण्यात नव्हता, त्याच्या प्रती निघण्यात होता.

आणि जॅक्सन? संस्कृताचा व्यासंग असलेला, लोकांत 'पंडित जॅक्सन' म्हणून ओळखला जाणारा हा अधिकारी गुजराथ आणि कोकणातल्या लोकसमजुतींची टिपणे गोळा करीत असे. पिंपळावरची भुते, पावसासाठीचे विधी, नदीच्या पूजेची पद्धत, अशी सामग्री त्याने जमवली होती, आणि ती त्याच्या पश्चात एन्थोवेन यांनी दोन भागांत संपादून प्रसिद्ध केली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आला असताना, अनंत कान्हेरे याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. नाटकाचे पद ऐकायला आलेला लोकविद्येचा संग्राहक, आणि बाबारावांना झालेल्या शिक्षेने पेटलेला अठरा वर्षांचा मुलगा. पुढील एप्रिलच्या १९ तारखेला कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

त्यानंतर नाशिकवर जी वर्षे आली त्यांतच आमचे बाड जन्मले. १९१० च्या प्रेस अॅक्टाने छापखानेवाल्याकडून जामिनकी मागण्याचा आणि आक्षेपार्ह मजकूर जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याच साली खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवरून उतरले. सावरकरांचे पोवाडे, त्यांनी मराठीत आणलेले मॅझिनीचे आत्मचरित्र, गोविंदांची पदे, एकेक करीत जप्तीच्या फेरिस्तीत चढले. १९२२ साली प्रेस अॅक्ट रद्द झाला तरी जप्तीचा अधिकार क्रिमिनल प्रोसीजर कोडाच्या ९९-अ कलमात अलगद नेऊन ठेवला होता, त्यामुळे फेरिस्त वाढतच राहिली. मेळ्यांची पदे आधी पोलिसांना दाखवून परवाना घ्यावा, मग गावी, असाही बंदोबस्त ठिकठिकाणी होता.

अशा वेळी नक्कल कशी होई, हे आजोबा उत्साहात असले म्हणजे सांगत. वही एका घरी एकच रात्र राही. कंदिलाची वात बारीक करून दोघे बसत: एकाने हळू वाचायचे, दुसऱ्याने उतरायचे. वाचणाऱ्याने गुणगुणायचे नाही, हा कडक नियम होता, कारण आवाज भिंतीपलीकडे जातो. एखादा शब्द अक्षर पुसल्यामुळे लागला नाही तर जागा कोरी सोडायची. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, निदान आजोबा तरी घालीत नसत. इतर घालीत, आणि त्यामुळेच समासातल्या त्या नोंदी. एकदा एका वहीत मात्रा जुळावी म्हणून कोणी एक अख्खी ओळ नवी करून बसवली होती. ती आजोबांच्या मते मूळ ओळीपेक्षा सरस होती, आणि तरीही त्यांनी ती उतरली नाही. हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर शिरस्तेदाराचा अभिमान असे, पण रसिकाची थोडी चुटपुटही असे.

या नियमाचा एक परिणाम मात्र त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आला नाही. गुणगुणायचे नाही म्हटल्यावर शब्द वहीतून वहीत गेले, चाल गेली नाही. पदावर 'चाल' म्हणून ज्या नाट्यपदाचा उल्लेख असे ते रंगभूमीवर गाजत होते तोवर ठीक. दहावीस वर्षांत ते नाटक मागे पडले, नटही गेले, आणि पदाच्या डोक्यावर कुलूप मात्र उरले, ज्याची किल्ली हरवली आहे. आमच्या बाडातल्या निम्म्याहून अधिक पदांची आज ही गत आहे. मी ती वाचू शकतो, गाऊ शकत नाही.

जेथे कागदच नव्हता तेथे स्मरणाने नकलेचे काम केले. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनी नाशकात 'आत्मनिष्ठ युवती संघ' चालवला होता. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या त्या बायकांच्या बैठकींत गोविंदांची गीते म्हटली जात. बाबाराव सुटून येण्याच्या आधीच, १९१९ साली, येसूवहिनी वारल्या. तिकडे अंदमानात विनायकरावांनी कोठडीच्या भिंतीवर काट्याखिळ्याने ओळी कोरल्या, पाठ केल्या, आणि सुटणाऱ्या बंदिवानांकडून पाठ करवून हिंदुस्थानात धाडल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला त्यातला एक बारकावा फार मोलाचा वाटतो. भिंतीवरचे लेखन पुढल्या सफेदीत पुसले जाणारच असते, म्हणजे अस्सलाचा नाश गृहीत धरूनच नक्कल तयार करायची असते. असा व्यवहार दफ्तराच्या कोणत्याही कारकुनाला मंजूर झाला नसता.

१९४६ साली मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले आणि सावरकरांच्या साहित्यावरची बंदी उठली. छापील पुस्तके घरात आली त्या दिवशी आजोबांनी जेवण उरकून बाड खाली काढले, आणि पस्तीस वर्षांनी खराखुरा मुकाबला झाला. किती चुका निघाल्या हे त्यांनी सांगितले नाही. पण समासात तांबड्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि एके ठिकाणी छापील पुस्तकच चुकले असले पाहिजे असा, नकलेच्या बाजूने दिलेला, ठाम शेरा आहे.

गंमत अशी की अस्सल प्रती नष्ट झाल्याच नव्हत्या. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या ठरावीक प्रती सरकारात दाखल कराव्या लागत आणि त्यांची त्रैमासिक यादी निघे. शिवाय जप्त झालेल्या मजकुराच्या प्रती भाषांतरासह विलायतेला इंडिया ऑफिसकडे जात. लोकांच्या घरांतून जे साहित्य फौजदाराने उचलले ते लंडनच्या ग्रंथालयात वाळवी-पावसाविना नांदले, आणि १९८५ साली त्या संग्रहाची इंग्रजी सूची ग्रॅहम शॉ व मेरी लॉइड यांनी प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातल्या विद्रोही पद्याचे इतके निगुतीने जतन विद्रोह्यांनाही साधले नसते. जप्ती ही एक प्रकारची नोंदणीच असते, हे मला त्यातून उमगले.

स्वातंत्र्यानंतरची नक्कल जप्तीच्या भीतीने होत नसे, गरजेने होई. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत गिरणीत राबत असताना, मोठेपणी, अक्षरे शिकले. १९४३ साली एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर विडंबन रचून त्यांनी आरंभ केला, आणि पुढे साठ वर्षे बाबासाहेबांचा विचार गावोगाव गात नेला. त्यांची गीते हजारोंच्या संख्येने सांगतात. 'वाटचाल' हा पहिला संग्रह मात्र १९७३ साली निघाला. म्हणजे तीस वर्षे ती गायकपार्ट्यांच्या वह्यांतून आणि जयंतीच्या मंडपांतून फिरत होती, कवीच्या परवानगीवाचून आणि पुष्कळदा कवीच्या नावावाचून. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा असे. ती काढून तेथे आपले नाव बसवणारे गायकही निघाल्याच्या कथा सांगितल्या जातात. मग कॅसेट आली. दुकानात गाण्यांची यादी द्यावी आणि कोरी कॅसेट भरून न्यावी, हा व्यवहार १९८० नंतर गल्लोगल्ली इतका रुळला की १९८४ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त करून चोरट्या प्रतींसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली; दुकानदार तरीही भरून देतच राहिले. वामनदादा २००४ च्या मे महिन्यात नाशकातच निवर्तले. त्यांच्या बाबतीत एक भाग्य असे की नकलेबरोबर या वेळी चालही गेली. कॅसेटवर आवाज घासला, शब्द गिळले गेले, पण ठेका जागच्या जागी राहिला.

"पण माझ्या रॅपरवर तर कोणी बंदी घातलीच नव्हती, आजोबा," नातू म्हणाला. "त्यानंच नको म्हटलं."

प्रश्न मार्मिक होता. अमेरिकेत प्रिन्स नावाच्या गायकाने १९८७ साली आपला काळ्या वेष्टनातला एक अल्बम प्रकाशनाच्या तोंडावर स्वतःच मागे घेतला. दाबून तयार झालेल्या लक्षावधी तबकड्या कंपनीने नष्ट केल्या, तरी वाचलेल्या थोड्यांवरून चोरट्या प्रती जगभर झाल्या, आणि अखेर १९९४ साली कंपनीला तो अल्बम रीतसर काढावा लागला. पण त्याच्यामागे तबकडीचा कारखाना आणि पैसा मोजणारे शौकीन होते. कवी स्वतःच पाठ फिरवतो, सरकार लक्ष देत नाही, भाविकाला उतरून घेण्याची लाज वाटते, अशा गाण्याचे काय होते?

त्याचे उत्तर पुन्हा तिळभांडेश्वराच्या गल्लीतच सापडते. गोविंदांवर लेख लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या लावण्यांचा उल्लेख एका वाक्यात करतात, आणि तो अशा स्वरात करतात की जणू काही तो एक लहानपणचा आजार होता, आणि राष्ट्रीय कवितेने त्यांना त्यातून बरे केले. मला हे कधीच पटलेले नाही. ज्या कवीच्या पदावरून मनुष्य अंदमानास जातो त्याच्या हाताला ती धार कोठल्या सहाणेवर आली? १९२६ च्या फेब्रुवारीत आबा गेले. त्यांनी मृत्यूला सामोरे जाताना लिहिलेल्या ज्या कवितेचे शीर्षक पुढे पु. ल. देशपांडे यांनी आपल्या 'सुंदर मी होणार' या नाटकाला घेतले, तिच्यातही देहाकडे पाहण्याची जी निःसंकोच जवळीक आहे ती मला लावणीकाराची वाटते. पण कोणाही कलेक्टराने त्या लावण्या जप्त केल्या नाहीत, म्हणून विलायतेच्या सूचीत त्यांचा मागमूस नाही; आणि कोणाही देशभक्ताने त्या रात्री जागून उतरल्या नाहीत, म्हणून समासात त्यांचे पाठभेदही नाहीत.

नातवाने बाडाच्या शेवटी बोट घातले तेव्हा त्याला शिवणीजवळ सातआठ पानांचे फाटके पट्टे लागले. ते पट्टे पोलिसांनी ठेवलेले नव्हेत. त्या पानांवर लावण्या होत्या. त्या गोविंदांच्याच होत्या असे मी म्हणत नाही. आजोबांच्या तरुणपणी नाशकात ज्या चालत असत त्या त्यांनी पोवाड्यांच्या पाठोपाठ, त्याच हातोटीने, त्याच शाईने उतरल्या होत्या. जप्तीच्या पदांसाठी ज्याने आपली नोकरी पणाला लावली, दोन झडत्या ज्याने छातीचा ठोका चुकू न देता सोसल्या, त्या माणसाने १९४४ साली थोरल्या आत्याला पाहायला मंडळी येणार म्हणून आदल्या संध्याकाळी ती पाने फाडली आणि न्हाणीघराच्या चुलीत घातली, न जाणो, पाहुण्यांपैकी कोणी फडताळ उघडले तर! हे आत्यानेच मला सांगितले.

शब्द असे चुलीत गेले. परंतु लावण्या उतरताना गुणगुणायचे नाही असा नियम कोणी घातलेला नव्हता, आणि आजोबांना सकाळी दाढी करताना आरशापुढे त्यांतली एक तोंडातल्या तोंडात घोळवण्याची सवय होती. आत्याने ती तेथूनच उचलली. थेट नव्वदीपर्यंत तांदूळ निवडताना ती एक ठसकेबाज, मध्येच मुरका घेऊन समेवर येणारी चाल, शब्दांच्या जागी नुसते 'न न' घालीत, म्हणत असे. आणि बाहेर ओटीवर वहाणांचा आवाज झाला की, आजोबांना जाऊन चाळीस वर्षे लोटली असली तरी, तेथल्या तेथे थांबे.